म्हणे, सगळं मनावर असतं

वजन उतरत नाही? मनावर घ्या. झोप लागत नाही? मन शांत ठेवा. नोकरी गेली? सकारात्मक राहा. महिनाअखेर पैसे पुरत नाहीत? श्रीमंतीचा विचार करा, श्रीमंती येईल. प्रश्न कोणताही असो, उत्तर तुमच्याच डोक्यात असतं. आणि उत्तर तुमच्या डोक्यात आहे असं एकदा ठरलं, की दोषही तुमचाच.

या शेवटच्या भागाची मला चीड आहे.

मानसशास्त्राची नव्हे. ते कष्टाचं शास्त्र आहे. चीड आहे ती त्याच्या नावावर चालणाऱ्या किरकोळ विक्रीची. दोन तासांचं शिबिर, दहा ओळींचा फॉरवर्ड, एक आकडा, एक मंत्र. शास्त्रज्ञ सांगतो, काही लोकांत, काही परिस्थितीत, थोडा फरक पडतो. मंचावरचा वक्ता सांगतो, आयुष्य बदलेल. टाळ्या कुणाला पडतात?

२१ दिवसांचंच घ्या. कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की सवय लागते, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. हा आकडा आला कुठून? न्यूयॉर्कच्या एका प्लॅस्टिक सर्जनकडून. मॅक्सवेल माल्ट्झ त्यांचं नाव. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान २१ दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० च्या पुस्तकात नोंदवलं. चेहरा मागे पडला, 'निदान' मागे पडलं, उरले २१.

व्यायामाचा, वाचनाचा, पहाटे उठण्याचा तिथे विषयच नव्हता.

मोजणी झाली ती बरीच नंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगितली आणि १२ आठवडे नोंदी घेतल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असा हिशेब निघाला. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही.

बाविसाव्या दिवशी जाग आली नाही म्हणून स्वतःला कायमचा आळशी ठरवून मोकळ्या झालेल्या माणसाला हे कुणी सांगितलं का?

आरशाचा आणखी एक उपयोग हल्ली सांगतात. रोज सकाळी आरशात बघून म्हणायचं, मी प्रेमाला पात्र आहे, मी यशस्वी आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये हे तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच चांगलं होतं, त्यांना असं वाक्य घोकून किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. औषध निरोग्याला चाललं आणि आजाऱ्याला बाधलं. तरी चिठ्ठी आजाऱ्यालाच देणं चालू आहे.

स्वप्नं मोठी बघा, हाही सल्ला तसाच. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी वजन घटवणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. वजन उतरेल असा विश्वास ज्यांना होता, त्यांना त्याचा फायदा झाला. पण बारीक झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रं रंगवत बसणाऱ्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी घटलं. स्वप्नातच पोटभर यश मिळालं की पायऱ्या कोण चढतो?

संभाषणात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, बाकी सगळा आवाज आणि देहबोली. मुलाखतीच्या तयारीचा असा वर्ग दाखवा जिथे हे वाक्य फळ्यावर येत नाही. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द ऐकवले होते आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. भावना ओळखण्यापुरतं ते गणित. शब्द ७ टक्केच असते, तर अनोळखी भाषेतलं भाषण आपल्याला ९३ टक्के समजायला हवं होतं.

कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि धाडस वाढतं, असंही एक आलं होतं. त्यामागे ऐटदार पवित्र्यांचा २०१० चा अभ्यास, ४२ माणसं. २०१५ मध्ये २०० माणसांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा संप्रेरकं जागची हलली नाहीत. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं, या परिणामावर आता माझा विश्वास नाही. शास्त्र असं चालतं. शिबिरं मात्र २०१० च्या पुढे सरकलेली नाहीत.

आता मार्शमॅलोकडे या. पालकसभेत ही गोष्ट ऐकलेली नाही असा पालक विरळा.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर मार्शमॅलोसारखा गोड खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. पुढे यांतल्या काही मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा जास्त वेळ थांबलेली मुलं परीक्षांत पुढे गेल्याचं दिसलं. लगेच सूत्र तयार झालं, संयम म्हणजे यश. ज्याचं पोर पहिल्या मिनिटाला खाऊ उचलतं, त्याने काळजीत पडावं.

पण ही मुलं होती कुणाची? बहुतेक करून त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली. यात महाविद्यालयीन पदवी नसलेल्या आयांचीही मुलं होती. चौथ्या वर्षीचा संयम आणि पंधराव्या वर्षीचे गुण यांचा संबंध आधीच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची तयारी हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन-तृतीयांश गळाला. इतकी वर्षं संयमाच्या नावावर जमा होत होतं, त्यातलं बरंचसं घराचं होतं.

याहून झोंबणारा प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातला आहे. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मध्ये छापला गेलेला. मुलं फक्त २८. पण काय केलं ते पाहा. खाऊ ठेवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि थांबलात तर याहून चांगले रंग आणून देते, असा शब्द दिला. निम्म्या मुलांना रंग मिळाले. निम्म्यांना मोठ्या माणसाने परत येऊन सांगितलं, माफ कर, नाहीतच आमच्याकडे. मग खाऊ समोर ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं, ती ३.

काही मिनिटांपूर्वीचा मोडलेला शब्द, आणि संयम पावपट.

ज्या घरात शनिवारी आणतो म्हटलेली वही शनिवारी येते, तिथलं पोर थांबायला शिकतं. ज्या घरात बापाची मजुरी बुडाली की दिलेला शब्दही बुडतो, तिथल्या पोराने समोरचं आत्ताच खाल्लं तर तो अधाशीपणा की व्यवहारज्ञान? आपण त्या पोराला हव्यास सोडायला शिकवतो. शब्द कुणी मोडला, याची चौकशी करत नाही.

मिशेल यांच्यावर मात्र अन्याय नको. मुलांचं भविष्य वर्तवण्यापेक्षा मुलं थांबतात कशी, यात त्यांना जास्त रस होता. त्यांना जे सापडलं, ते कोणत्याच पालकसभेत सांगितलं जात नाही. खाऊ डोळ्यांसमोर उघडा असला की मुलं लवकर हरत. झाकून ठेवला की त्याच वयाची मुलं कितीतरी जास्त थांबत. जी उघड्या खाऊसमोरही टिकली, त्यांतली काही डोळे झाकून घेत, काही गाणी म्हणत, काही दुसरीकडे तोंड करून बसत. मोहाशी कुस्ती करून जिंकणारं पोर जवळजवळ नव्हतंच. जिंकली ती मोहाकडे पाठ फिरवणारी.

थोडक्यात, ताटली झाका. पन्नास वर्षं आपण पोरांना संयम ठेव सांगतोय. ताटली उघडी ठेवून.

रात्री अकराला मुलीच्या उशाशी फोन आहे, त्यात दर मिनिटाला काहीतरी वाजतंय, आणि बाबा दारात उभे राहून सांगतायत, मनावर ताबा हवा. बाबा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमचाही.

आता मोठ्यांच्या मनाकडे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा अभ्यास आला. तामिळनाडूतली ५४ गावं, ४६४ ऊस उत्पादक. त्याच शेतकऱ्यांना दोनदा बुद्धीच्या चाचण्या दिल्या. एकदा ऊस जाण्याआधी, म्हणजे हात आखडलेला आणि कर्ज डोक्यावर असताना. एकदा ऊस गेल्यावर, पैसे हातात आल्यावर. पैसे येण्याआधी तोच माणूस तेच कोडं हळू सोडवत होता आणि जास्त चुकत होता.

शेतकरी तोच. डोकं तेच. मधे फक्त बिल आलं होतं.

या अभ्यासातल्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले गेले, लेखकांनी उत्तरंही दिली. त्या वादात पडायचं तर पडू. पण कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या वाचकाला यात न पटण्यासारखं काय आहे? घेणेकरी दारात असताना माणसाला मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायचं लक्षात राहत नाही, हे सांगायला 'सायन्स' कशाला हवं? शेकडो हिशेब एकाच वेळी डोक्यात चालू असले की नव्या हिशेबाला जागा उरत नाही. तो माणूस बेफिकीर नसतो. त्याचं डोकं भरलेलं असतं.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. थकीत एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या किमान दरासाठी, आंदोलनं किती हंगामांत झाली, ते विचारू नका. त्याच शेतकऱ्याला मग तणावमुक्तीसाठी श्वास मोजायला सांगतात. श्वास त्याने मोजला. बिल कोण मोजणार?

जे परिस्थितीने बिघडलं, ते मनाने सुधारायचं. या उलट्या हिशेबाची सुरुवात आपण आता जन्माआधीच करतो. गर्भसंस्काराच्या वर्गांत मोझार्ट ऐकवला जातो, बाळ हुशार व्हावं म्हणून. मूळ अभ्यास १९९३ चा, 'नेचर'मधला, फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांचा. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांनी १० मिनिटं मोझार्ट ऐकला आणि कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या एका कामात त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला. त्यात बाळ नव्हतं, गर्भ तर नव्हताच. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला होता.

संगीत जरूर ऐका. गरोदर बाईला बरं वाटलं, यापेक्षा मोठं कारण लागतं कशाला? पण त्या नऊ महिन्यांत तिला पुरेशी झोप, लोहाच्या गोळ्या आणि शांत घर मिळालं का, हे कुठल्याही सीडीआधी विचारा.

बाळ शाळेत गेलं की डीएमआयटी नावाची चाचणी. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेतात, संगणक चालतो, काही हजार रुपये जातात आणि रंगीत अहवाल हातात येतो. त्यात लिहिलेलं असतं की मुलगा कलेकडे जाईल की गणिताकडे, ऐकून शिकेल की बघून, डावा मेंदू जास्त की उजवा. ठसे आणि मेंदू गर्भात एकाच काळात घडतात, म्हणून एकावरून दुसरं कळतं, असा दावा. एकाच काळात तर नखंही घडतात.

इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. चाचणीवाले ज्यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचं नाव पुढे करतात, ते हॉवर्ड गार्डनर स्वतः तिला मानत नाहीत. मग चालते कशी?

कारण अहवाल पटतो. हमखास पटतो. तो का पटतो, हे बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग उलगडा केला. सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं रस्त्यावर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती.

तुमच्या मुलात क्षमता भरपूर आहे, पण ती पूर्ण वापरली जात नाही. कोणत्या आईला हे पटणार नाही?

मला पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीची भीती वाटते. आठ वर्षांच्या मुलीच्या अहवालात गणिताची पट्टी आखूड निघाली की घरातली सगळी माणसं तिला तशीच बघायला लागतात. अवघड गणित आलं की आई म्हणते, राहू दे, तुझं ते अंगच नाही. ठशांनी काहीच ठरवलं नव्हतं. अहवालाने ठरवलं. ज्या शाळांनी आपल्या सभागृहात या चाचणीची टेबलं मांडू दिली, त्यांनी याचा जाब द्यायला हवा.

म्हणजे मनाचं काहीच चालत नाही? चालतं. त्यासाठी लागणारं शास्त्र खरं आहे, फक्त ते आरडाओरडा करत नाही.

अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूची लस फुकट होती. कर्मचाऱ्यांना लसीकरणाच्या वेळा कळवल्या, तेव्हा ३३ टक्के आले. दुसऱ्या गटाला सांगितलं, कोणत्या दिवशी किती वाजता जाणार ते या कागदावर लिहून ठेवा. ३७ टक्के आले. फरक ४ टक्क्यांचा. पण तो एका कागदाने पडला, कुणाच्याही अंतर्मनात न शिरता. ४ टक्क्यांवर तिकीट लावून सभागृह भरत नाही, हीच त्याची अडचण.

किंवा विचार बदलून भावना बदलण्याचं तंत्र. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ते घडवलं. नैराश्य आणि चिंता यांवर ते उपयोगी पडतं, हे पुन्हा पुन्हा तपासून झालं आहे. ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थांनी ते मराठीत आणलं, मराठी माणसाच्या अडचणींना लावून दाखवलं. पण ते करायला शिकलेला माणूस समोर लागतो, आठवड्यामागून आठवडे बसावं लागतं, घरी जाऊन लिखाण करावं लागतं. त्यात कुणी तुम्हाला चांगलं चांगलं बोला असं सांगत नाही. तुमच्या डोक्यात चाललंय ते खरं आहे का, पुरावा काय, असं विचारतात. फॉरवर्डच्या अगदी उलट.

आणि असा शिकलेला माणूस आपल्याकडे मिळतो किती जणांना? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने हे मोजलं आहे. वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त निघालं. दहातल्या सात जणांना डॉक्टर भेटलेला नाही. मनाची ताकद सांगणारा मात्र दहाही जणांना भेटलेला आहे.

सकारात्मक विचार कर, हे वाक्य नैराश्यात असलेल्या माणसाला ऐकवू नका. त्याने ते करून पाहिलेलं असतं. त्याच्याजवळ बसा, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून द्या. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीतही बोलता येतं. श्रीमंतीच्या मंत्राचा व्हिडिओ तुम्हाला किती वेळा आला? आणि हा क्रमांक?

येत्या १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. कचेऱ्यांत ईमेल फिरेल, सभागृहात वक्ता येईल, फुगवलेले फुगे असतील, कमरेवर हात ठेवून उभं राहायला सांगतील. जरूर जा, चहा प्या. शेवटी प्रश्न विचारा म्हणतील, तेव्हा हात वर करा आणि वक्त्याला नको, एचआरच्या प्रमुखांना विचारा. आपल्या कंपनीच्या आरोग्यविम्यात मानसोपचाराचा खर्च शरीराच्या आजाराइतकाच बसतो का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१. विमा कंपन्यांवर तशी सक्ती आहे. उत्तर लेखी मागा.